पासिंग कुठलं बघायचं?

बेळगावच्या दक्षिणेला आठ-दहा किलोमीटरवर आमचे येळ्ळूर. चहूबाजूंनी भाताची शिवारे, आणि त्या शिवारांवर नजर ठेवून बसलेला राजहंसगड. भात पोटरीला आले की सायंकाळी वाऱ्याबरोबर बासमतीचा वास घरापर्यंत येतो. मार्च २०२३ मध्ये गडावर शिवरायांच्या पुतळ्याचे अनावरण झाले आणि तेव्हापासून रविवारी गडाच्या रस्त्याला गर्दी वाढली. या गर्दीत एक नवा आवाजही मिसळला आहे. सायलेन्सर बदललेल्या, खाली बसवलेल्या, रुंद टायरच्या जुन्या गाड्यांचा. गाडी दिसायच्या आधी आवाज येतो आणि पारावरची वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालतात.

पण ही पोरे कोण आहेत हेही बघावे. यातली निम्मी उद्यमबागेत नाही तर मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहेत. बेळगावच्या फौंड्र्या आणि मशिनशॉप यांचे नाव देशभर आहे. ओतीव कामापासून सीएनसीवरच्या बारीक फिनिशिंगपर्यंत इंजिनाचे सुटे भाग इथे रोज तयार होतात. जो मुलगा आठ तास उभा राहून मायक्रॉनचा हिशेब सांभाळतो, त्याला संध्याकाळी स्वतःच्या गाडीचे इंजिन उघडून बघावेसे वाटले तर त्यात नवल ते काय? श्रीमंतांच्या पोरांचा शौक नव्हे हा. हाताला येणारी विद्या आपल्या दारात लावून बघावी, एवढीच ही हौस आहे.

आमच्या घरात ही हौस पुतण्याच्या रूपाने आली. सीएनसी ऑपरेटर. तीन वर्षांच्या ओव्हरटाइममधून त्याने तीन लाख रुपये बाजूला टाकले होते. त्याला हवी होती जुनी पण पळणारी गाडी, जी हळूहळू स्वतःच्या हाताने सुधारता येईल. घरात दुसरी चारचाकी नाही, त्यामुळे प्रत्येकाने आपापली अट घातली. त्याचे वडील म्हणजे माझे दादा म्हणाले, "कर्ज काढायचं नाही. आणि पासिंग एमएचचं पाहिजे." वहिनींचे गुडघे दुखतात, बेळगावला दवाखान्यात नेहमीच जावे लागते. त्या म्हणाल्या, "आवाज कमी आणि ब्रेक चांगला असलेली बघा म्हणजे झालं." मला बरोबर घेतले ते भाव करायला.

दादांच्या अटीवर बाहेरचा माणूस हसेल. पण येळ्ळूरमध्ये ही अट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. जुलै २०१४ मध्ये वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' हा फलक कोर्टाच्या आदेशानंतर काढण्यात आला, गावकऱ्यांनी तो पुन्हा उभा केला, आणि मग घराघरांत पोलिसांच्या लाठ्या पोचल्या. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात घातलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याकडे डोळे लावून बसलेली ही पिढी आहे. फलक नाही तर निदान गाडीच्या पाटीवर तरी महाराष्ट्र, असा तो हिशेब.

आता गाड्यांचा हिशेब. पुतण्याने वहीत चार नावे लिहिली होती आणि प्रत्येकापुढे एक भागाकार मांडला होता. इंजिनाची ताकद भागिले गाडीचे वजन. नुसती अश्वशक्ती बघून फसू नये, हे त्याचे सूत्र. मारुती एस्टीमचे नंतरचे १६ व्हॉल्व्हचे १.३ लिटर इंजिन सुमारे ८५ अश्वशक्तीचे, आणि गाडी सुमारे ८७५ किलोची. म्हणजे टनाला ९७. रांजणगावच्या कारखान्यात तयार झालेली फियाट लिनिया टी-जेट टर्बोची, ११४ अश्वशक्तीची. पण वजन सव्वाबाराशे किलोंच्या घरात, म्हणून टनाला ९३. दुसऱ्या पिढीची, २०११ ते २०१७ या काळातली पेट्रोल स्विफ्ट ८७ अश्वशक्तीची आणि ९६५ किलोंच्या आसपास, म्हणजे टनाला ९०. चौथी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, २०१३ मध्ये आलेली, १.२ लिटर टर्बो आणि १०५ अश्वशक्ती. चाकणला बनलेली ही गाडी चालवायला सर्वांत गोड. पण तिचा सात गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स रुसला तर दुरुस्तीचा खर्च आमच्या ऐपतीपलीकडचा, म्हणून ते नाव त्याने स्वतःच खोडले.

गंमत अशी की कागदावर पंचवीस वर्षांपूर्वीची एस्टीम टर्बोवाल्या लिनियाला भारी पडते. म्हणून आम्ही आधी तिच्याच मागे लागलो. एका रविवारी सकाळी बेळगाव सोडले. काकती, सुतगट्टीचा घाट, हत्तरगीचा टोलनाका, संकेश्वर, मग तवंदीचा घाट उतरून निपाणी. रस्ता चांगला आहे. पूर्वी याला चार नंबरचा हायवे म्हणत, आता तो ४८ झाला.

निपाणीत एजंटाकडे एक चकचकीत हॅचबॅक उभी होती. एमएच-०९, म्हणजे कोल्हापूर पासिंग. दादांनी बघितली असती तर तिथेच टोकन दिले असते. किंमतही बाजारापेक्षा चाळीस हजारांनी कमी. पुतण्याने बॉनेट उघडण्याआधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला. आतल्या टोकाला पिवळसर मातीची रेघ होती. मग डिकीतली स्टेपनी उचलली. खालच्या खळग्यात गंज आणि बारीक वाळू. गाडी पुरात बुडालेली होती. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत कोल्हापूर-सांगलीकडे असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यातल्या काही धुऊन, पुसून, नवे सीटकव्हर घालून बाजारात येतात. वायरिंगमध्ये शिरलेले पाणी वर्ष-दोन वर्षांनी बोलू लागते. आम्ही चहा घेतला आणि निघालो.

कोगनोळीचा टोलनाका, दूधगंगेचा पूल, आणि कागल. पुलाच्या अलीकडे कर्नाटक, पलीकडे महाराष्ट्र. दोन्ही तीरांवर ऊस सारखाच आणि बोलीही फारशी बदलत नाही. बदलते ती पाटी.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरला गेल्याशिवाय गाडीची गोष्ट पूर्ण होत नाही. बोअर मारणे, हेड घासणे, क्रँक ग्राइंड करणे, स्लीव्ह घालणे, जे म्हणाल ते काम गल्लीत मिळते. हौशीला वाटही आहे. मोहिते रेसिंग अकादमीने इथे गो-कार्टचा ट्रॅक केला आणि इथली पोरे वेगाचा शौक रस्त्याऐवजी ट्रॅकवर भागवू लागली. आम्ही बघायला आलेली एस्टीम एका निवृत्त गृहस्थांची होती. रंग उडालेला, पण चेसिस सरळ. ओळखीच्या मेस्त्रींनी चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजले. चारांतला फरक दहा टक्क्यांच्या आत. पुतण्याचे डोळे चमकले. पाऊण लाखात गाडी आणि सव्वादोन लाख सुधारायला! मलाही मोह झाला.

मग मेस्त्रींनी विचारले, "पोरा, राहायला कुठं?"

"येळ्ळूर. बेळगावजवळ."

"मग ही नको. कागदाचं बघ आधी."

त्यांनी उभ्या उभ्या जे सांगितले ते सीमाभागातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाने लिहून ठेवावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ आपल्या राज्यात ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत, मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायला फॉर्म ३५. मग कर्नाटकाचा आजीवन रस्ता कर. नव्या गाडीवर किमतीप्रमाणे १३ ते १८ टक्के आणि वर उपकर. जुन्या गाडीला वयानुसार कमी होतो, पण चुकत नाही. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, मात्र त्यासाठी हेलपाटे घालायची तयारी हवी. शिवाय एस्टीमचे उत्पादन २००७ मध्येच थांबले, म्हणजे नोंदणीची १५ वर्षे कधीच उलटलेली. त्यापुढे दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीचे हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले, आणि वीस वर्षांपुढच्या गाडीला त्याहून जास्त. पाऊण लाखाची गाडी कागदांनीच दीड लाखाला जाते आणि तरी वहिनींना दवाखान्यात नेण्याचा भरवसा नाही.

परतताना तवंदीचा घाट चढेपर्यंत पुतण्या गप्प होता. मग म्हणाला, "काका, केए-२२ च बघूया की. दादांना तुम्ही सांगा."

सांगणे सोपे नव्हते. जेवणानंतर मी दादांपुढे वही ठेवली आणि दोन्ही बाजूंची बेरीज दाखवली. एमएच पासिंग ठेवून १२ महिन्यांनंतरही इथेच गाडी फिरवायची तर ते बेकायदा. आज ना उद्या नाक्यावर दंड भरायचा तो पोराने. आणि हल्लीच्या हाय सिक्युरिटी पाटीवर आकडे-अक्षरांची भाषा केंद्राने ठरवलेली आहे. मुंबईची गाडी असो की बेळगावची, मराठी आकडे कुठेच चालत नाहीत. दादा बराच वेळ वहीकडे बघत राहिले. "फलकाचा लढा वेगळा," एवढेच म्हणाले आणि उठून गेले. त्यांनी होही म्हटले नाही आणि नकोही म्हटले नाही. आमच्या घरात त्याला परवानगी म्हणतात.

गाडी शेवटी बेळगावातच मिळाली. २०१३ ची पेट्रोल स्विफ्ट, केए-२२, एकाच मालकाची, सर्व्हिसचे सगळे कागद जागेवर. नोंदणी २०२८ पर्यंत. दोन लाख साठ हजारांत सौदा झाला आणि हातात चाळीस हजार उरले.

खरी परीक्षा इथे होती. चाळीस हजारांत सायलेन्सर, मॅगव्हील, लोअरिंग, इंजिनाचे रिमॅप, यातले काय करायचे? याबाबत कायदा बहुतेक पोरांना ठाऊकच नसतो. कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलांत बदल करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेच स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणे नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. रंग बदलायचा तर आरसीवर नोंद करून घ्यावी. आणि न कळवता केलेला बदल अपघातानंतर विमा कंपनीच्या हाती आयते कारण देतो.

म्हणजे हौस मारायची का? तसे नाही. पुतण्याने वहीत नवा क्रम लिहिला. आधी टायर, मग ब्रेक, मग शॉकअ‍ॅब्सॉर्बर, आणि इंजिन सर्वांत शेवटी. गाडी पळते ती इंजिनाने, पण रस्त्याला टेकते ती चार तळहातांएवढ्या रबराने. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातला. खाचा खोल दिसल्या तरी म्हातारे रबर ओल्या घाटात धरत नाही. या गाडीचे टायर जुनेच निघाले. कंपनीने सांगितलेल्या मापाचे चार चांगले टायर, नवे ब्रेकपॅड, डिस्क लेथवर सारख्या केल्या, ब्रेक ऑइल बदलले, पुढचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर मूळ मापाचे नवे, आणि व्हील अलाइनमेंट. इंजिनाला फक्त प्लग, फिल्टर, ऑइल, आणि थ्रॉटलबॉडी साफ. सगळे काम त्याने गॅरेजमध्ये मेस्त्रींच्या शेजारी बसून स्वतः केले. चाळीस हजारांतले दोन हजार उरले.

त्यानंतर आम्ही चोर्ल्याच्या घाटाने गोव्याकडे एक फेरी मारली. पाऊस नुकताच थांबलेला, वळणावर शेवाळ. गाडीचा आवाज बाहेर कुणाला ऐकू गेला नसेल. पण वळणात शिरताना ती जशी रस्ता धरून राहिली, त्यावरून मला कळले की पोराने पैसे कुठे घातले. दिखाऊ बदल चार लोकांना दिसतात, हे बदल फक्त चालवणाऱ्याला कळतात.

गावातल्या इतर पोरांना एवढेच सांगणे. टोकन देण्याआधी सीटबेल्ट ओढून बघा, स्टेपनी उचला, कॉम्प्रेशन मोजा, चेसिस नंबर कागदाशी ताडून बघा. ठरवलेल्या रकमेतला सातवा-आठवा हिस्सा तरी ब्रेक-टायरसाठी मागे ठेवा. वेगाची खुमखुमी ट्रॅकवर भागवा. गडाच्या रस्त्यावर शाळेची मुले चालतात आणि सुगीत भाताच्या ट्रॉल्या.

दादांनी त्या नंबर प्लेटकडे बघून अजून एकदाही 'छान' म्हटलेले नाही. पण गेल्या महिन्यात वहिनींना दवाखान्यात न्यायचे होते, पुतण्या कामावर होता, तेव्हा चावी त्यांनीच मागून घेतली. परत आल्यावर म्हणाले, "ब्रेक चांगला आहे."