चुकलेले नाणे

बाजारात न चालणारे नाणे देवाला चालते, असा आपल्या भाविक लोकांचा एक जुना समज आहे. फाटकी नोट, झिजलेला रुपया, बंद पडलेली पावली, सारे अखेर फंडपेटीत येऊन विसावते. २०११ साली पंचवीस पैसे व त्याखालची नाणी चलनातून गेली. आमच्या देवळाच्या पेटीत मात्र ती पुढे कित्येक वर्षे निघत होती. देव कोणाला परत पाठवीत नाही हे खरे. पेच पडतो तो त्याचा हिशेब ठेवणाऱ्यांना. असाच एक पेच मागल्या जत्रेनंतर आमच्या वाट्यास आला.

सभामंडपात सतरंजी अंथरून मोजणी चालली होती. पाचाच्या चळतीतून खजिनदारांच्या मुलाने एक नाणे बाजूला काढले. एका अंगास सिंहमुद्रा. उलटून पाहिले तरी सिंहमुद्राच, परंतु खोलगट आणि आरशात दिसावी तशी उलटी. ‘सत्यमेव जयते’ ही अक्षरे उजवीकडून डावीकडे धावत होती. पाचाचा आकडा नाही, साल नाही. एक वृद्ध महाजन म्हणाले, “खोटे आहे.” लगेच सर्वांच्या नजरा आमच्याकडे वळल्या. खोट्याशी वकिलाचा परिचय अधिक, असे लोक धरूनच चालतात!

नाणी जमविण्याचा छंद आम्हांला शाळकरी वयापासून आहे. त्यामुळे नाणे तळहातावर येताच आमचा श्वास क्षणभर थांबला. टांकसाळीत दोन ठशांमध्ये कोरी चकती दाबली जाते. कधी छापलेले नाणे बाहेर न पडता एका ठशाला चिकटून राहते. मग पुढच्या चकतीच्या एका अंगावर ठशाची नेहमीची छाप उमटते आणि दुसऱ्या अंगावर त्या चिकटलेल्या नाण्याचीच उलटी, खोल छाप बसते. चिकटलेले नाणे प्रत्येक दाबाबरोबर पसरत जाते, म्हणून पहिली एकदोन नाणीच रेखीव निघतात. पुढली अस्पष्ट होत जातात. आमच्या हातातले नाणे रेखीव होते.

तथापि साक्षीदार तपासल्यावाचून विश्वास ठेवावयाचा नाही, हा आमचा धंदा. घरी नेऊन पाहतो, असे सांगून आम्ही ते खिशात टाकले. दोन नाणी पकडीत घालून आवळली तरीही उलटी छाप उठते. मात्र मूळची छाप चेपून तिच्याखाली शिल्लक राहते. भिंगातून पाहिले, तर पाचाच्या आकड्याचा मागमूस नव्हता. दोन नाणी कातून जोडली असली तर कडेच्या आत सांधा सापडतो, तोही नव्हता. १९९२ पासून निघालेले तांबे-निकेलचे पाचाचे नाणे ९ ग्रॅमचे आणि २३ मिलिमीटर व्यासाचे असते. आमच्या काट्यावर बरोबर ९ ग्रॅम भरले. ज्याच्या अंगावर किंमत लिहिलेली नाही, त्याची ओळख त्याच्या वजनाने पटली.

चुकीला मोल येते ते यंत्रामुळे. हातोड्याने छापलेल्या शिवराईवर अक्षरे अर्धीमुर्धीच उमटत. ती चूक नव्हती, रीत होती. हजारो नाणी हुबेहूब निघू लागली तेव्हाच वेगळे निघालेले एक डोळ्यांत भरू लागले. मात्र प्रत्येक वेगळेपण म्हणजे चूक नव्हे. सालाखाली चिन्ह नाही म्हणून पुष्कळजण हरखतात. परंतु मुंबईचा चौकट, हैदराबादचा तारा, नोइडाचा ठिपका अशी चिन्हे असली, तरी कोलकात्याच्या नाण्यांवर चिन्ह नसतेच. साध्या नाण्याला लाखो रुपये देऊ म्हणणाऱ्यांपासून तर दूरच राहावे. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे व्यवहार करणाऱ्यांविषयी त्या बँकेनेच २०२१ साली लोकांस सावध केले होते. खरे मोल चूक किती मोठी, किती दुर्मिळ व नाणे किती न झिजलेले यांवर ठरते, आणि तेही दोन जाणकार लिलावात समोरासमोर आले म्हणजे.

दुसऱ्या दिवशी ते महाजन सहज म्हणाले, “वकीलसाहेब, तुम्हांला आवड आहे ना? पाच रुपये पेटीत टाका आणि ठेवा तुमच्याकडे. हिशेब जुळला म्हणजे झाले.” कोणीही हरकत घेतली नाही. आमच्या खिशात पाचाचे नाणे होते, आणि आमचा हात तेथवर गेलाही होता. हे लिहिताना संकोच वाटतो, परंतु लिहिलेच पाहिजे.

देवता ही कायद्याने व्यक्ती आहे, हे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ सालच्या मलिक खटल्यात मान्य केले. न्यायालये तिला अज्ञान बालकासारखी मानून तिच्या मालमत्तेची काळजी वाहतात. त्या बालकाचे नाणे आम्ही पाच रुपयांत घेणार होतो आणि मंडळी संमती देत होती. परंतु त्या नाण्याची योग्यता सभामंडपात फक्त आम्हांलाच ठाऊक होती. अज्ञानावर मिळविलेल्या संमतीची गत काय होते, हे आम्ही न्यायालयात इतरांना किती वेळा ऐकविले आहे!

टांकसाळीच्या नोकराने हेतुपुरस्सर नाण्याचे वजन किंवा धातू बदलला तर तो १८६० च्या दंडसंहितेप्रमाणे गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो आहे. नाणेसंग्राहकाचा न्यायही असाच. घरी हातोडीने घडविलेल्या चुकीला तो कवडी देत नाही; नकळत झालेल्या चुकीलाच त्याच्याकडे मोल. त्या नाण्याची चूक नकळत झाली होती. आमची झाली असती, ती जाणूनबुजून झाली असती.

आम्ही सतरंजीवर बसलो आणि नाणे काय आहे ते सर्वांना समजावून सांगितले. वृद्ध महाजन बराच वेळ ते भिंगाखाली फिरवीत राहिले. शेवटी खजिनदारांनी ते रोकडीत न धरता दागिन्यांच्या वहीत नोंदले: ‘पाच रुपयांचे सदोष नाणे, नग एक, वजन ९ ग्रॅम.’ किमतीचा रकाना लिलाव होईपर्यंत कोरा ठेवला आहे.

ते पेटीत कोणी टाकले असेल? बहुधा दुकानदाराने नाकारले म्हणून कोणीतरी देवाच्या गळ्यात मारले असावे. त्या गृहस्थाला काही बोलण्याचा अधिकार आम्हांला उरलेला नाही. त्याने निदान ते पेटीत टाकले. आम्ही पेटीतून काढावयास निघालो होतो.