बुलढाण्याच्या भिंती

भिंतीवर चित्र काढायला शिकणाऱ्याला आधी भिंत ओळखावी लागते. ती मातीची आहे की सिमेंटची, तिला ओल लागते का, दुपारचे ऊन तिच्यावर किती वेळ असते, ती कोणाच्या मालकीची आहे आणि तिच्यासमोरून रोज कोण ये-जा करते, एवढे कळल्याशिवाय ब्रश किंवा स्प्रे कॅन हाती घेऊन उपयोग नसतो. विदर्भाच्या पश्चिम टोकाचा बुलढाणा जिल्हा या शिक्षणाला सोयीचा आहे. दुकानाची रंगवलेली पाटी, सारवलेली मातीची भिंत, जिल्हा परिषदेच्या शाळेची सिमेंटची भिंत, सोळाव्या शतकातल्या वाड्याच्या भिंती आणि त्याहून जुनी कोरीव पाषाणाची देवळे असे सगळे प्रकार इथे एकाच प्रवासात पाहता येतात. जगातल्या सर्वांत नामवंत भित्तिचित्रांपैकी काही तर जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे लगेचच आहेत.

जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. उत्तरेला पूर्णा नदीचे काळ्या मातीचे सपाट खोरे आणि दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचे पठार, अशी त्याची सरळ विभागणी होते. स्थानिक लोक पहिल्या भागाला घाटाखाली आणि दुसऱ्याला घाटावर म्हणतात. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव ही गावे घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा घाटावर. मुंबई-नागपूर लोहमार्ग घाटाखालून जातो, त्यामुळे रेल्वेने येणाऱ्याचा प्रवास तिथूनच सुरू होतो.

पहिला मुक्काम बहुधा शेगावचा असतो. गजानन महाराज इथे १८७८ साली प्रकट झाले आणि १९१० साली त्यांनी समाधी घेतली, असे त्यांचे भक्त मानतात. ‘गण गण गणात बोते’ हा त्यांचा मंत्र या भागात दुकानांच्या पाट्यांवर, घरांच्या दर्शनी भिंतींवर, ट्रकच्या पाठीवर रंगवलेला दिसतो. अक्षरे रंगवायला शिकणाऱ्यासाठी हा चांगला धडा आहे. ग, ण, त, ब या सगळ्या अक्षरांना उभा दंड असतो. दोन दंडांमधले अंतर जरासे चुकले तरी डोळ्याला खटकते. जाणता पेंटर आधी सूत मारून वरची आणि खालची रेघ पक्की करतो, मग खडूने सगळे दंड उभे करतो आणि नंतर अक्षरांचे पोट भरतो. शिरोरेषा शेवटी एका दमात ओढायची असते, कारण मध्ये हात उचलला तर जोड दिसतो. खामगावची पाटी लिहिताना अडचण वेगळी येते. ‘ख’चे दोन भाग खालून नीट जोडले नाहीत, तर लांबून ते ‘रव’ वाचले जाते.

खामगाव ही कापसाची जुनी पेठ. कापूस बाहेर नेता यावा म्हणून जलंब ते खामगाव असा रेल्वेचा छोटा फाटा १८७० मध्ये सुरू झाला, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः हजर होते. कापसाच्या गाठींवर मार्का उमटवण्यासाठी स्टेन्सिल वापरतात. आजच्या रस्त्यावरच्या कलेतही याच साधनाला मोठा मान आहे. पॅरिसमध्ये ब्लेक ल रा या चित्रकाराने १९८१ च्या सुमारास स्टेन्सिलने भिंतींवर चित्रे उमटवायला सुरुवात केली आणि पुढे इंग्लंडमधल्या बँक्सीने ही पद्धत जगभर पोचवली. स्टेन्सिल कापताना मुख्य अडचण बंद पोकळ्यांची असते. ‘ब’ किंवा ‘ठ’ पूर्ण कापला तर आतला तुकडा गळून पडतो. म्हणून मध्ये बारीक जोड ठेवावे लागतात. नवशिक्याला पहिले अक्षर कापतानाच हे कळते.

आज ज्याला ग्राफिटी म्हणतात तिचा जन्म १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क इथे झाला. आपले नाव शक्य तितक्या ठिकाणी दिसावे, ही त्यामागची सुरुवातीची हौस होती. एका झटक्यात मारलेली सही म्हणजे टॅग, दोन रंगांत भराभर भरलेली फुगीर अक्षरे म्हणजे थ्रो-अप आणि वेळ घेऊन केलेले बहुरंगी काम म्हणजे पीस, अशा तिच्या पायऱ्या ठरल्या. कार्यशाळांतही शिकवण्याचा क्रम साधारण हाच असतो. भारतात ‘डाकू’ या टोपणनावाने काम करणाऱ्या कलाकाराने देवनागरीत टॅग करून या लिपीला त्या परंपरेत जागा मिळवून दिली. हनिफ कुरेशी यांनी पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांची अक्षरे ‘हँडपेंटेडटाइप’ या उपक्रमातून संगणकावर आणली. स्टार्ट इंडिया फाउंडेशनच्या संस्थापकांपैकी ते एक होते. म्हणजे भारतातल्या या नव्या कलेने पाटीवाल्या पेंटरालाच गुरू मानले आहे, आणि बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात हा गुरू अजून शिडीवर चढलेला सापडतो. फ्लेक्सने त्याचे बरेचसे काम हिरावले असले, तरी सरकारी योजनांच्या घोषणा, खतांच्या आणि बियाण्यांच्या जाहिराती आणि शाळांच्या भिंती त्याच्याकडे टिकून आहेत.

खामगावहून बोथ्याच्या घाटाने ज्ञानगंगा अभयारण्यातून वर चढले की घरांचे रूप पालटते. जुन्या गावठाणांत धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छताची घरे दिसतात. त्यांच्या भिंती शेण-मातीने सारवलेल्या, वर पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा हात आणि खाली गेरूचा पट्टा. या पट्ट्याला शोभेपलीकडेही उपयोग आहे. पावसाचे शिंतोडे आणि अंगणातली धूळ भिंतीच्या खालच्या भागावरच बसते, आणि गेरूवर ती उठून दिसत नाही. नागपंचमीला भिंतीवर नाग काढणे, पोळ्याला बैलांची शिंगे रंगवणे ही इथल्या घरातल्या बायका-माणसांची रंगकला. मातीच्या भिंतीवर ऑइल पेंट चालत नाही. त्याने भिंतीचा श्वास कोंडतो, आत ओल साचते आणि पापुद्रे सुटतात. गेरू, चुना, काजळी आणि नीळ एवढ्यावरच भागवावे लागते. पण दर सणाला भिंत पुन्हा सारवली जात असल्याने चूक झाली तरी ती वर्षभर टिकत नाही. शिकणाऱ्याला याहून उदार पाटी मिळायची नाही.

प्रत्यक्ष कामाची शाळा मात्र जिल्हा परिषदेच्या शाळेत भरते. मुळाक्षरे, पाढे, नकाशे, कोनांची मापे भिंतींवर रंगवायची, म्हणजे मूल येता-जाता शिकते, या कल्पनेला महाराष्ट्रातले शिक्षक ‘बोलक्या भिंती’ म्हणतात. अशा भिंतीचे काम ठरावीक क्रमाने चालते. नव्या सिमेंटच्या गिलाव्यावर लगेच रंग देत नाहीत. पाणी मारून तो साधारण २८ दिवस पक्का होऊ द्यायचा आणि मग वाळू द्यायचा, नाहीतर सिमेंटमधले क्षार बाहेर येऊन रंग फिके पाडतात. जुनी भिंत असेल तर सुटलेले पापुद्रे खरवडायचे, भेगांत पुट्टी भरायची, घासपेपर मारायचा, बाहेरच्या भिंतीसाठीचा प्रायमर लावायचा आणि त्यावर इमल्शनचे दोन हात द्यायचे.

पुढचा टप्पा चित्र मोठे करण्याचा. कागदावरच्या चित्रावर एक इंचाच्या आणि भिंतीवर एक फुटाच्या चौकटी आखल्या की चित्र बारा पट वाढते. प्रत्येक चौकटीत काय आहे तेवढेच पाहून रेघा उतरवायच्या. अलीकडे दुसरी युक्ती रूढ झाली आहे. भिंतभर वाटेल त्या खुणा आणि अक्षरे गिरवायची, तिचा फोटो काढायचा आणि फोनवर त्या फोटोवर चित्र ठेवायचे. मग कुठल्या खुणेजवळून कुठली रेघ जाते ते दिसते. रंग मागून पुढे भरत येतात: आधी आकाश आणि जमीन, मग मोठे आकार, शेवटी चेहरे, अक्षरे आणि काळी बाह्यरेषा. मुलांना खांद्याच्या उंचीपर्यंतचे सपाट भाग भरायला दिले जातात; परांचीवरचे काम आणि बाह्यरेषा पेंटरच्या हाती राहते.

स्प्रे कॅन वापरायचा तर आधी मिनिट-दोन मिनिटे हलवावा लागतो, कारण रंगद्रव्य तळाशी बसलेले असते. कॅन भिंतीच्या जवळ धरला की रेघ बारीक आणि कडक येते, लांब धरला की ती पसरते आणि कडा धूसर होतात. हात एका जागी थांबला की रंगाचे ओघळ उतरतात. म्हणून बोट दाबण्याआधीच हात हलता ठेवायचा आणि बोट सुटल्यावर थांबवायचा. काम संपले की कॅन उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत दाबला तर नोझल तुंबत नाही. नाकाला मास्क हवाच. घाटावरच्या वाऱ्यात फवारा उडून जातो, त्यामुळे स्प्रेचे काम सकाळी लवकर उरकणे बरे.

मेहकरवरून लोणारला पोचल्यावर हातातली साधने पिशवीत ठेवावी लागतात. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर बेसॉल्ट खडकात उल्कापाताने झाले. त्यातले खारे पाणी जून २०२० मध्ये एकाएकी गुलाबी झाले. खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचा तो परिणाम असल्याचे तपासणीत आढळले, आणि त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. गावातल्या दैत्यसूदन मंदिराच्या भिंती तारकाकृती आराखड्यामुळे सतत कोन बदलत जातात. मूर्तींवर दिवसभर ऊन सरकते आणि प्रत्येक तासाला वेगळे कोरीवकाम उठून येते. सपाट भिंतीवर छाया-प्रकाशाने उठाव दाखवू पाहणाऱ्याने इथे वहीत रेखाटने करत बसावे. त्याहून अधिक काही करण्याची इथे मुभा नाही. संरक्षित स्मारक विद्रूप करणाऱ्यास १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार, २०१० च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

सिंदखेड राजा इथे लखुजी जाधवांचा राजवाडा आहे. १५९८ साली जिजाऊंचा जन्म याच वाड्यात झाला. दर १२ जानेवारीला जन्मोत्सवासाठी राज्यभरातून लोक येतात. गावातल्या रंगमहालाशी रंगाचीच एक कथा जोडलेली आहे. रंगपंचमीला लहानगी जिजाऊ आणि शहाजी एकमेकांवर रंग उडवत असताना लखुजींनी हा जोडा शोभतो असे सहज म्हटले आणि मालोजी भोसल्यांनी तो शब्द धरून ठेवला, असे परंपरा सांगते. लखुजींची १६२९ मध्ये देवगिरीवर निजामशाही दरबारात हत्या झाली. त्यांची भव्य समाधी गावातच आहे. अशा वास्तूंवर नव्याने चित्र रंगवायचे नसते. म्हणून जिजाऊ आणि बाल शिवबा यांची चित्रे शाळा, चौक आणि कमानी यांवर काढली जातात.

जिल्ह्याची पश्चिम हद्द ओलांडली की अजिंठा येतो, आणि प्रवासातला सर्वांत मोठा धडा तिथे मिळतो. लेण्यांतल्या खडकावर माती, साळीचा तूस आणि वनस्पतींचे धागे यांचा गिलावा, त्यावर पांढरा पातळ थर आणि मग डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग, अशी तिथली रीत. तांबडा आणि पिवळा गेरू, हिरवी माती ही रंगद्रव्ये स्थानिक खनिजांतली, तर काळा रंग काजळीचा. निळा लाजवर्द तेवढा परदेशातून येई. खामगाव-चिखलीकडच्या सारवलेल्या भिंतीशी या गिलाव्याचे नाते कोणालाही ओळखता येईल.

याच लेण्यांत भिंतीवर नाव कोरण्याचे एक कुप्रसिद्ध उदाहरण आहे. जॉन स्मिथ या इंग्रज घोडदळ अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यात एका बोधिसत्त्वाच्या चित्रावर आपले नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख खरवडली. त्या वेळी लेण्यात माती-दगडांचा ढीग साचलेला होता, म्हणून ती अक्षरे आज डोक्याच्याही वर दिसतात. त्याच भिंतींशी कसे वागावे हे पुढच्या शतकात लेडी हेरिंगहॅम यांच्या चमूने दाखवले. १९०९ ते १९११ दरम्यान त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. मदतीला आलेल्या तरुणांत नंदलाल बोस आणि असितकुमार हलदार होते. प्रत्यक्ष भिंतीसमोर बसून नकलेतून शिकण्याची ही खरीखुरी कार्यशाळाच होती. नंदलालांनी ते शिक्षण रस्त्यावर आणले. डिसेंबर १९३६ मध्ये शेजारच्या जळगाव जिल्ह्यात फैजपूरला खेड्यात भरलेले पहिले काँग्रेस अधिवेशन झाले. गांधीजींच्या सांगण्यावरून त्याची सजावट नंदलालांनी बांबूसारख्या गावच्याच सामानाने केली. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मातीच्या रंगांत सुमारे ४०० पोस्टर रंगवली. त्यांत ढोलकी वाजवणारे, सुतार, स्वयंपाक करणाऱ्या बायका अशी साधी माणसे आहेत, आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशा जागी लावली होती.

भिंत निवडताना परवानगीचा प्रश्न शेवटी नव्हे, पहिल्याच दिवशी सोडवावा. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा १९९५ पासून लागू आहे. सार्वजनिक नजरेतल्या जागेवर विनापरवाना लिहिणे किंवा रंगवणे हा त्याखाली गुन्हा ठरतो. खाजगी भिंतीसाठी मालकाचे, शाळेसाठी मुख्याध्यापकांचे आणि व्यवस्थापन समितीचे, गावातल्या सार्वजनिक भिंतीसाठी ग्रामपंचायतीचे किंवा नगरपरिषदेचे लेखी पत्र घ्यावे. चित्राचा कच्चा आराखडा सोबत दिला की पुढचे वाद टळतात.

कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पावसाळ्यात भिंत वाळत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशखालीच सुकतो आणि फटकारे दिसतात. पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीवर सकाळी आणि पूर्वेकडच्या भिंतीवर दुपारनंतर काम धरावे. पूर्ण झालेल्या चित्रावर पारदर्शक संरक्षक लेप दिला तर रंग अधिक टिकतात. मात्र मातीच्या भिंतीला तो कधीही देऊ नये. दरवर्षी पावसाळा संपल्यावर भिंत तपासून उडालेला भाग त्याच छटेने भरता यावा, यासाठी वापरलेल्या रंगांचे क्रमांक आणि मिश्रणाचे प्रमाण शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या वहीत नोंदवून ठेवतात.