बुलेट ट्रेन आणि उरलेलं गणित

मंडळी, वेगाचं गणित मी अनेक वर्षं फळ्यावर सोडवून घेतलं. अंतर भागिले वेळ. पण मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा आराखडा वाचताना वाटलं, हे गणित अर्धंच आहे.

मार्ग 508 किलोमीटरचा, स्थानकं 12. आराखड्यानुसार मोजके थांबे घेणारी गाडी 2 तास 7 मिनिटांत पोचणार, सगळीकडे थांबणारी जवळजवळ 3 तासांत. म्हणजे मधल्या गावांसाठी थांबायचं तर पाऊण तासाहून जास्त वेळ जातो. म्हणून मोठी शहरं म्हणणार, आमची गाडी मध्ये थांबवू नका.

दुसरी गोष्ट जागेची. इतक्या वेगाच्या गाडीला तीव्र वळणं चालत नाहीत, रूळ जमेल तितका सरळ न्यावा लागतो. शहराच्या पोटातून तो नेणं अवघड आणि महागही. मग ठाण्याचं स्थानक येतं दिव्याजवळ म्हातर्डीला, सुरतचं शहराबाहेर अंत्रोळीला. आता तुम्हीच सांगा, सत्तरी ओलांडलेल्या माझ्यासारखीचा प्रवास सुरू कुठून होतो? घराच्या उंबरठ्यावरून! रिक्षा, बस, जिने हे सगळं त्यात आलं.

जपानातही हेच झालं होतं. 1964 साली तोकाइदो शिंकान्सेन सुरू झाली तेव्हा शिन-योकोहामा स्थानक शेतांच्या मधोमध होतं. पण जागा निवडली होती जुन्या योकोहामा लाइनला नवा मार्ग जिथे छेदतो तिथे. उतरलेल्या माणसाला पुढची गाडी तिथेच मिळे. 1985 साली भुयारी रेल्वेही पोचली. हळूहळू भोवती शहर उभं राहिलं आणि 2008 पासून तिथे प्रत्येक शिंकान्सेन थांबते. जोडणी आधी होती, मोठेपण मागून आलं.

म्हणून आपल्या विरार आणि बोईसरची मला काळजी वाटते. पालघर जिल्ह्यातल्या लोकांच्या जमिनी या मार्गात गेल्या, अनेक गावांनी विरोधही केला. ज्यांच्या शेतातून खांब उभे राहिले, त्यांच्या स्थानकावर दिवसातून किती गाड्या थांबणार, आणि तिथवर एसटी जाणार का? गाडी ताशी 320 किलोमीटर धावेल याचं कौतुक मलाही आहे. पण पालघरच्या माणसाचा हिशेब या दोन उत्तरांवरच होणार.

असो. तुमच्या गावाजवळ स्थानक येत असेल तर घरापासून तिथवरचा वेळ एकदा मोजून पाहा, आणि मला जरूर कळवा.