पंखा थांबलेला असतानाच बघ

मु. वैशाखरे, ता. मुरबाड

चि. भाच्यास,


तुझं पत्र मिळालं. ब्लोअरचा पंखा मधेच थांबतो, खड्ड्यात गाडी आदळली की पुन्हा फिरतो, आणि गॅरेजवाला म्हणतो मोटर बदला. इतक्यात बदलू नकोस.

कल्याणात कुणी म्हणेल, आपल्याकडे थंडी ती किती, पंखा नसला तर काय बिघडलं? पण तू आठवड्यातून चारदा माळशेज चढतोस. मोरोशीपर्यंत काच स्वच्छ असते. घाट लागला की ढग रस्त्यावर उतरतो, भिजून बसलेल्या माणसांच्या श्वासाने आतून वाफ धरते. एसी हवेतला ओलावा काढतो खरा, पण ती कोरडी हवा काचेवर फेकणारा पंखाच थांबला तर समोरून उतरणारा भाजीचा ट्रक दिवे लावलेले असूनही दिसत नाही. मी याला किरकोळ काम म्हणणार नाही.

काही वर्षांपूर्वी एका दूधवाल्याच्या गाडीला मी नुसत्या अंदाजावर नवी मोटर बसवली. आठ दिवसांत तो परत आला. सॉकेट ओढून पाहिलं तर एक पिन करपून तपकिरी झालेली आणि भोवतीचं प्लॅस्टिक वितळून तिला चिकटलेलं. मोटर बदलताना सॉकेट हललं, म्हणून तेवढे दिवस पंखा चालला. त्या माणसाचे पैसे वाया गेले, ते मला अजून लागतं.

तेव्हापासून एक नेम पाळतो. पंखा चालू असताना सगळं ठीकच दिसणार, म्हणून तपासायचं ते तो थांबलेला असताना. आधी आठ दिवस वहीत लिही : कितव्या नंबरवर थांबला, पाऊस होता का, गाडी किती वेळ चालली होती. पहिले नंबर गेले आणि शेवटचा जोरात चालतो, असं असेल तर रेझिस्टर बघ. तो वाऱ्याच्या वाटेतच बसवलेला असतो, त्या वाऱ्यानेच थंड राहतो. पाला अडकून वारा कमी झाला की तापून जळतो. एकही नंबर चालत नसेल तर फ्यूज आणि रिले आधी.

तेही ठीक निघाले तर डाव्या बाजूच्या खणामागे हात घाल. स्विच शेवटच्या नंबरवर ठेव, सॉकेट मोटरला लावलेलंच राहू दे आणि मागून दोन्ही पिनांना मीटर लाव. 12 व्होल्ट आले आणि पंखा थांबलेला, तर दोष मोटरचाच. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोक. फिरली, तर कार्बन झिजलेत, आणि मग मोटर खुशाल बदल. पण दोन पिनांमध्ये काहीच आलं नाही, तर एकेक पिन बॉडीशी मोज. दोन्हींवर 12 दिसले, तर करंट मोटरपर्यंत पोचतोय, परतीची वाट बंद आहे. खाचरात पाणी आलंय पण मोरी तुंबलीय, तसं. मग अर्थ आणि स्विच बघ. दोन्हींवर काहीच नाही, तर मागे फ्यूजकडे जा.

सॉकेट काढून नुसता मीटर लावून समाधान मानू नकोस. एका तारेच्या टोकाला चिकटलेला कॉन्टॅक्टसुद्धा 12 दाखवतो, भार आला की बसतो. त्यासाठी मी हेडलाइटच्या 55 वॅटच्या बल्बला दोन तारा जोडून ठेवल्यात. बल्ब पिवळट पेटला की समजायचं, वाट कच्ची आहे.

आणि काचेखालची जाळी साफ कर. तुझी गाडी झाडाखाली उभी असते. तिथला पाला कुजला की पाणी थेट मोटरवर उतरतं आणि बेअरिंग गंजतं. उंदरांनी पेंढा नेऊन ठेवलाय का, तेही बघ, वायर कुरतडलेली असेल.

काम होईपर्यंत अंधारात घाट चढू नकोस. भाडं सोडावं लागलं तरी चालेल. वाटेत काचेने वाफ धरलीच, तर हाताने पुसत पुढे जाऊ नकोस. रस्त्याच्या कडेला रुंद जागा बघून थांब, चारही इंडिकेटर लाव, काचा खाली कर.

रविवारी सकाळी गाडी घेऊन ये. पंखा वाटेत थांबला तर ठोकून चालू करू नकोस, तसाच बंद घेऊन ये.

तुझा,
मामा