राखणीचं देणं

आंब्याच्या व्यवहारात दलालाकडून हिशेबाचा जो कागद येतो, त्याला पट्टी म्हणतात. आमच्या लहानपणी ती क्रॉफर्ड मार्केटातून पोस्टाने यायची. बाजार वाशीला गेल्यावर वाशीहून येऊ लागली. वडील ओटीवर बसून ती मोठ्याने वाचत. पेट्या किती, भाव काय लागला, त्यातून दलाली, हमाली, तोलाई, ट्रकचं भाडं वजा. मग स्वतःची वही काढून ते घरचा खर्च मांडत: फवारणी, खत, लाकडी पेट्या, पेंढा, काढणीची मजुरी. सगळ्यांचं देणं त्या वहीत यायचं. फळ धरल्यापासून शेवटचं फळ उतरेपर्यंत जो रात्रंदिवस बागेत असायचा, त्याचं नाव तेवढं कधी आलं नाही. तो कुत्रा होता. उरलासुरला भात मिळाला की त्याचं देणं फिटलं, असं सगळेच धरून चालत.

माझं शिक्षण रत्नागिरीजवळच्या गोळपच्या सड्यावरच्या आमच्या कलमांवर झालं. फळ सुपारीएवढं झालं की वडील बागेतल्या खोपीत मुक्कामाला जात आणि त्यांच्याबरोबर वाघ्या. राखण म्हणजे काय, हे ज्याने केली त्यालाच कळतं. वानर खातं थोडं, नासतं फार. एक चावा मारून फळ टाकून देतं आणि दुसऱ्याला हात घालतं. उजाडताना टोळी उतरली तर झाडाची रया जाते. रात्री वटवाघळं, रानडुकरं आणि कधी कधी चोरही. माणूस आवाज झाल्यावर उठतो, कुत्रा वासाने आधीच उठलेला असतो. वाघ्या गडग्याच्या कडेने असा काही सुटायचा की वानरं शेजारच्या बागेत सरकायची.

मी बारावीत होतो त्या मार्चमध्ये वाघ्याला बिबट्याने नेलं. खोपीच्या दारात तो झोपलेला होता, वडील आत होते. एकच आवाज आला. बॅटरी घेऊन ते बाहेर येईपर्यंत सारवलेल्या जमिनीवर फरफटत नेल्याची खूण उरली होती. खोपीचं दार झापाचं. वाघ्या त्या दारात नसता तर काय झालं असतं, हे वडिलांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण त्यानंतर शेवटपर्यंत जेवायला बसले की पहिला घास ते पानाबाहेर काढून ठेवत. त्या हंगामात भाव चांगला लागला. जूनमध्ये माझी गोगटे कॉलेजची फी भरली गेली आणि बागेत नवं पिल्लू आलं.

रत्नागिरीत बागायतदारांच्या अनेक घरांतून अशी एखादी गोष्ट निघेल. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी इथल्या कातळाचं, खाऱ्या वाऱ्याचं, बागायतदारांच्या कष्टांचं कौतुक केलं. ते योग्यच होतं. राखणीच्या कुत्र्याचं नाव त्यात कोणी घेतल्याचं मला आठवत नाही.

आता राखणीची पद्धत बदलली आहे. मुलं मुंबई-पुण्याला, म्हातारी माणसं घरात, म्हणून कितीतरी बागा कराराने दिल्या जातात. राखणीला बहुधा नेपाळहून आलेली माणसं असतात. हंगामात ती बागेतच राहतात, रांधतात, कुत्र्यालाही त्यातलंच घालतात. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो आणि माणसं आपापल्या मुलखात जातात. कुत्रा मागे राहतो. पुष्कळ बागायतदार त्याचं पावसाळ्यातही नीट बघतात, हे मला ठाऊक आहे. पण जिथे मालक मुंबईत, करारदार दुसऱ्या बागेत आणि खोपी रिकामी, तिथे बघायचं कोणी? धावणारा कुत्रा पुढच्या वर्षी कोणाला तरी हवा असतो. ज्याचे दात झिजले, कान गेले, तो कोणालाच नको असतो.

निवृत्तीनंतर एकदा जुनी गोणपाटं द्यायला म्हणून मी शहराबाहेरच्या कातळावरच्या एका शेडमध्ये गेलो. काही तरुण मुलामुलींनी ती चालवायला घेतली आहे. कोणी अजून शिकतंय, कोणी दुकानात कामाला आहे. गाडीखाली आलेली, आजारी पडलेली, टाकून दिलेली कुत्री ते स्कूटरवरून घेऊन येतात, पदरचे पैसे घालून उपचार करतात. मी गेलो तेव्हा एक मुलगी एका कुत्र्याच्या मानेवरच्या जखमेतल्या अळ्या चिमट्याने काढत होती. एक एक अळी काढून वाटीत टाकायची आणि तोंडाने त्याच्याशी बोलत राहायचं. मी विचारलं, एवढी कुत्री येतात तरी कुठून? ती मान वर न करता म्हणाली, “काका, आंब्याचा सीझन संपला की आमचा सुरू होतो.”

कोपऱ्यात खंड्या होता. पावसजवळच्या एका बागेत तो सापडला होता आणि गड्यांनी ठेवलेलं नावही त्याच्याबरोबर आलं होतं. गावठी, तांबूस अंगाचा, तोंड पांढरं पडलेलं. गळ्याभोवती चार बोटं रुंदीची पट्टी केसांवाचून गुळगुळीत झाली होती आणि तिथली कातडी जाड, काळी पडली होती. पुढचे सुळे निम्म्यावर सपाट होते. साखळी चावून चावून असे होतात, असं मुलीने सांगितलं. मी जवळ बसलो तसा तो उठला, मागचे पाय थरथरत होते तरी उठला, माझ्याकडे पाठ करून दाराकडे तोंड करून बसला. माणूस आत आहे म्हणजे आपण बाहेर बघायचं, एवढंच त्याला माहीत होतं. खोपीचं ते झापाचं दार माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी त्याला घरी नेणार, हे तिथेच ठरलं.

मुलांनी तो लगेच दिला नाही. घर बघायला आली, गेट बघितलं, आईशी बोलली. “काका, पिल्लू घेऊन जा म्हणून आम्ही लोकांच्या मागे लागतो. याच्या बाबतीत उलट आहे. औषधं कायमची लागतील. रात्री उठावं लागेल. मुंबईला मुलाकडे गेलात तर याचं काय?” सून शोधणाऱ्या घरानेही इतकी चौकशी केली नसती. मी शब्द दिला: हा जिथे, तिथे आम्ही. त्या मुलांचं माझ्यावर जे ऋण आहे ते इथून सुरू होतं. त्यांनी मला कुत्रा दिला, आणि तो कसा सांभाळायचा तेही शिकवलं.

म्हाताऱ्या कुत्र्याचं शास्त्र वेगळं आहे, हे पशुवैद्यक डॉक्टरांनी समजावलं. त्याच्या डोळ्यांतली निळसर झाक बघून मी मोतीबिंदू धरून चाललो होतो. ते म्हणाले, वयाने डोळ्याचं भिंग घट्ट होतं, त्याने अशी झाक येते, त्याला दिसतंय. रक्त तपासल्यावर गोचीडताप निघाला. आपल्याकडच्या दमट हवेत गोचीड भरपूर, आणि हा ताप कुत्र्याला आतून पोखरतो. त्याच्या गोळ्या काही आठवडे न चुकता द्याव्या लागतात. रेबीजची लस दरवर्षी. पावसाळ्यात लेप्टोची भीती असते म्हणून तीही लस. सांधे दुखतात म्हणून आपल्या डब्यातली वेदनाशामक गोळी कधीच द्यायची नाही. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. कांदा-लसूण वर्ज्य, खारवलेली सुकी मासळीही नको. मग त्याच्यासाठी मऊ भात आणि मीठ न घातलेला उकडलेला बांगडा, काटे काढून. गुळगुळीत लादीवर त्याचे पाय फाकत, म्हणून पडवीपासून मागच्या दारापर्यंत गोणपाट अंथरलं. मान खाली घालताना त्याला त्रास व्हायचा, म्हणून ताटली पाटावर ठेवू लागलो.

घरात यायला तो तयार नव्हता. पाऊस आडवा मारत असला तरी उंबऱ्याबाहेर. आत पाय टाकायचा नाही, हे कोणी तरी त्याला कधी तरी पक्कं शिकवलं असणार. त्याला ओढून आत आणायचं नाही असं मी ठरवलं. मीच चटई घेऊन उंबऱ्याजवळ बसायचो, पेपर वाचायचो. मृग गेला, आर्द्रा गेली. एका दुपारी त्याने पुढचा एक पाय आत ठेवला, माझ्याकडे बघितलं, मी पेपरातून डोळे काढले नाहीत. मग दुसरा पाय. मग तो येऊन माझ्या गुडघ्याला अंग टेकून पडला आणि इतका मोठा श्वास सोडला की आतून आईने विचारलं, “काय रे, काय झालं?”

आईची मला काळजी होती. वयाची पंच्याऐंशी ओलांडलेली, सोवळ्याओवळ्यात वाढलेली, कुत्रा अंगणापलीकडे बरा असं मानणारी. पण तिच्या सासरी गोग्रास, काकबळी, कुत्र्याचा घास हे रोजचं होतं; जेवणाआधी मुक्या जिवाचा वाटा काढायचा, हा धर्म तिला कोणी नव्याने सांगायला नको होता. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव तिने कीर्तनात किती वेळा ऐकले असतील! खंड्याच्या गळ्यावरची ती पट्टी तिने पहिल्यांदा हात लावून बघितली, तेव्हा बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “हा काही मागायला आलेला नाही रे. हा आपला घेणेकरी आहे. तुझ्या बापाला माहीत होतं.” त्या दिवसापासून त्याचा भात तिने स्वतःच्या हाताने कालवला.

त्याने मला काय दिलं, असं कोणी विचारलं तर सांगतो. वाघ्याचं फेडायचं माझ्या हातात उरलं नव्हतं. जो गेला त्याला काय देणार? आयुष्यभर ते मनात होतं आणि त्याला वाट नव्हती. खंड्याने ते माझ्याकडून घेतलं. कान गेलेले असूनही पहाटे तो उठायचा, परसातल्या एकुलत्या कलमाखाली जाऊन नाक वर करून उभा राहायचा, वास घ्यायचा, सगळं ठीक आहे अशी खात्री झाली की परत येऊन झोपायचा. त्याला कोणी राखण सांगितली नव्हती. मग मीही त्या वेळी उठू लागलो. संध्याकाळी थिबा पॉइंटपर्यंत आम्ही सावकाश जायचो. भाट्याची खाडी समोर, तो बसलेला, मी बसलेला. घाई करायची नाही, हे मी त्याच्याकडून शिकलो.

कामाच्या जनावराचं देणं ही काही नवी कल्पना नाही. गिरणगावात राहिलेल्या आमच्या कोकणी माणसाला परळचं बैलघोड्याचं इस्पितळ माहीत असतं. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं ते रुग्णालय १८८३ पासूनचं आहे. गाडीला जुंपलेल्या बैलाचं, टांग्याच्या घोड्याचं आपण काही देणं लागतो, हे मुंबईने तेव्हा ओळखलं. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून देणं हा १९६० च्या कायद्याने गुन्हा ठरवला, पण पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिला १० ते ५० रुपये. डझनभर हापूस तेवढ्यात येत नाही. तेव्हा हे देणं कायद्याच्या धाकाने फिटेल, ही आशा मी धरत नाही. ते ज्याचं त्याने ओळखायला हवं.

खंड्या गेल्या पौषात गेला. मूत्रपिंडं थकली होती. डॉक्टर घरी आले होते, आईचा हात त्याच्या मानेवर होता. त्याला त्रास झाला नाही, आणि तो उंबऱ्याच्या आत होता.

माझं मागणं साधं आहे. बाग कराराने देत असाल तर करारात एक ओळ वाढवा: हंगाम संपल्यावर कुत्रा कोणाकडे राहणार आणि त्याला कोण घालणार. त्याचं निर्बीजीकरण आणि रेबीजची लस बागेच्या खर्चात धरा. तो धावेनासा झाला की त्याला खोपीत ठेवू नका, घरी आणा. आणि ज्यांची बाग नाही, पण दर मे महिन्यात ज्यांच्या घरी हापूसची पेटी उघडते, त्यांनी कुत्रा घ्यायचं मनात आलं तर जवळच्या निवाऱ्यात जाऊन पिल्लं बघण्याआधी तिथला सगळ्यात म्हातारा कुत्रा दाखवायला सांगावं. त्याच्याकडे थोडीच वर्षं असतात. तेवढी त्याला द्या.