बर्फाविना बर्फाचे धडे

चेन्नईत बर्फ कुठे पाहायला मिळतो, असे कुणी विचारले की मी त्याला मरीना समुद्रकिनाऱ्यासमोरच्या एका जुन्या, गोलसर इमारतीकडे पाठवते. गावातले लोक तिला अजूनही ‘आइस हाउस’ म्हणतात. १८४२ साली फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याने ती बांधली. अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांतून कापलेला बर्फ लाकडाच्या भुशात बांधून जहाजाने इथे यायचा आणि या घरात साठवला जायचा. पुढे यंत्राने बर्फ तयार होऊ लागला आणि तो धंदा बसला. १८९७ च्या फेब्रुवारीत स्वामी विवेकानंद याच वास्तूत राहिले होते. त्यामुळे आज तिचे नाव ‘विवेकानंदर इल्लम’ आहे आणि आत त्यांच्या जीवनाचे प्रदर्शन आहे. बर्फ मात्र नावापुरताच!

अशा या गावात बसून मी गेले वर्षभर बर्फावरच्या गिर्यारोहणाचे पुढचे धडे गिरवते आहे. तेही पुस्तकातून. ऐकणारे हसतात. वाचकहो, तुम्हीही हसलात तरी चालेल. पण हसून झाल्यावर थोडे ऐका.

त्या दहा मिनिटांसाठी

लग्नाआधी मी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्स केला होता. १९६५ साली स्थापन झालेल्या या संस्थेतून आपल्या महाराष्ट्रातली कितीतरी मुले-मुली शिकून आली आहेत. दोर कसा बांधायचा, हिमकुऱ्हाड कशी धरायची, घसरलो तर स्वतःला कसे थांबवायचे, हे सारे तिथे शिकले. प्रमाणपत्र मिळाले, घरच्यांनी पेढे वाटले.

दोन वर्षांनी काही मित्रमंडळींबरोबर गढवालमधल्या एका हिमनदीवर गेले. दुपारची वेळ, बर्फ भुसभुशीत झालेला. आमच्यातला एक जण चालता चालता एकदम छातीपर्यंत खाली गेला. बर्फाने झाकलेली भेग होती. आम्ही चौघे वर होतो, दोर होता, सामान होते. पण पुढे काय करायचे हे एकालाही नीट ठाऊक नव्हते. रस्सीखेच खेळावी तसे आम्ही ओढत सुटलो. दोर भेगेच्या काठाच्या बर्फात रुतत गेला आणि माणूस होता तिथेच राहिला. भेग अरुंद होती, पाठीवरची सॅक अडकून बसली, म्हणून तो वाचला. दहा-एक मिनिटांनी तो स्वतःच कोपरांवर जोर देत वर आला. ती भेग हातभर रुंद असती तर? हा प्रश्न मला आजही रात्री जागा करतो.

अशा वेळी काय करायचे, हे पुढच्या पायरीचे शिक्षण. ते ॲडव्हान्स कोर्समध्ये मिळते. पण लग्न झाले, मूल झाले, नवऱ्याची बदली चेन्नईला झाली आणि अड्यारच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आमचा संसार मांडला गेला. महिनाभर घर सोडणे तेव्हा शक्य नव्हते. मग ठरवले, कोर्स जेव्हा होईल तेव्हा होवो, पुस्तक तर उघडू!

तांदळाचे पोते आणि तिसरा भाग

अमेरिकेतल्या सिॲटल गावच्या ‘द माउंटेनीअर्स’ या संस्थेने १९६० साली ‘माउंटेनीअरिंग : द फ्रीडम ऑफ द हिल्स’ हे पुस्तक काढले. जगभरचे गिर्यारोहक ते जवळ बाळगतात आणि नव्या माहितीप्रमाणे त्याच्या आवृत्त्या सुधारत आल्या आहेत. कोट्टूरपुरमचे अण्णा शताब्दी ग्रंथालय आमच्या घरापासून जवळ. २०१० साली सुरू झालेल्या या भव्य वाचनालयात स्वतःचे पुस्तक घेऊन बसायचीही सोय आहे. बाहेर मे महिन्याची काहिली, कपडे अंगाला चिकटलेले, आणि आत मी बर्फाच्या भेगेतून माणूस कसा काढावा हे वाचत बसलेली!

पुस्तकाने पहिल्या आठवड्यातच माझे डोळे उघडले. सोबती पडला की आधी ओढायचे नाही. आधी स्वतः थांबायचे आणि त्याचा भार धरून ठेवायचा. मग बर्फात पक्का आधार रोवायचा आणि भार आपल्या अंगावरून त्या आधारावर न्यायचा. मग पडलेल्याला हाक मारून तो शुद्धीवर आहे का, पाहायचे. त्यानंतर काठावर दोराखाली सॅक किंवा हिमकुऱ्हाड सरकवायची, म्हणजे दोर बर्फात रुतणार नाही. हे सगळे झाल्यावर ओढायचे. आम्ही त्या दुपारी नेमकी शेवटची गोष्ट पहिल्यांदा केली होती.

ओढायचीही युक्ती आहे. दोर इंग्रजी ‘झेड’ अक्षरासारखा फिरवला की बळ हिशेबाने तिप्पट होते. त्याची किंमत एवढीच, की तीन हात दोर ओढावा तेव्हा भार एक हात सरकतो. दोराला पकड देण्यासाठी बारीक दोरीची प्रुसिक गाठ वापरतात. डॉ. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने १९३१ साली ती गिर्यारोहकांना दिली. ओझे पडले की ती मुख्य दोराला घट्ट आवळते, ओझे काढले की हाताने सरकवता येते.

घरी प्रयोग केला. बाल्कनीच्या ग्रिलला आधार बांधला आणि पंचवीस किलो पोन्नी तांदळाचे पोते दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवले. आठ वर्षांच्या चिरंजीवांनी दोर ओढला आणि पोते सरसर सरकत आले. त्याला जादू वाटली. खरे तर हिशेबाइतके बळ हाती येत नव्हते, कारण दोर कड्यांवर घासत होता आणि घासण्यात बराच जोर वाया जातो. पुस्तकात हेही लिहिले होते. पण ते वाचून नव्हे, तर तळहात लाल झाल्यावर कळले.

दोन आधारांमधल्या कोनाचा धडाही असाच. दोन पट्ट्या जवळजवळ असल्या तर प्रत्येकीवर निम्मा भार येतो. त्या फाकवत नेल्या आणि कोन १२० अंशांचा झाला, की प्रत्येकीवर पूर्ण भार येतो. म्हणजे दोन आधार असून उपयोग शून्य. हे मी कपडे वाळत घालायच्या दोरीवर, बादली टांगून पाहिले.

‘वाल पत्तादु, अम्मा’

माझा आत्मविश्वास वाढत होता. एका रविवारी नवरा पुस्तक हातात घेऊन खुर्चीवर बसला आणि मी सगळी मांडणी करून दाखवली. त्याचा गिर्यारोहणाशी संबंध म्हणजे मला स्टेशनवर सोडण्यापुरता! पण तो शांतपणे म्हणाला, ‘‘इथे लिहिलंय, कॅराबिनरचा स्क्रू बंद करा. तुझा उघडा आहे.’’ पाहते तर खरेच. पुन्हा मांडणी केली, पुन्हा एक स्क्रू उघडा. चार वेळांपैकी तीन वेळा मी तीच चूक केली. पुस्तक महिनोन्‌महिने माझ्यासमोर उघडे होते. त्याने मला एकदाही टोकले नव्हते.

दुसरा धडा बेसंट नगरच्या किनाऱ्यावर मिळाला. तिथल्या कोळीवाड्यात सकाळी जाळी निवडायचे काम चालते. मी वाळूत बसून गाठींचा सराव करत होते. शेजारच्या होडीवरचे एक वयस्क कोळी बराच वेळ पाहत होते. ते आले, माझी गाठ हातात घेऊन दोन बाजूंनी जोरात ओढली आणि म्हणाले, ‘‘वाल पत्तादु, अम्मा.’’ शेपूट पुरत नाही! गाठीबाहेर उरलेले दोराचे टोक आखूड होते. झटका बसला असता तर ते आत सरकून गाठ सुटली असती. ‘‘अण्णा, तुम्ही कुठे शिकलात?’’ माझ्या मोडक्या तमिळमध्ये मी विचारले. त्यांनी समुद्राकडे हात केला. या किनाऱ्याने जगाला ‘कॅटामरान’ हा शब्द दिला. मूळ तमिळ शब्द ‘कट्टुमरम’. कट्टु म्हणजे बांधणे, मरम म्हणजे लाकूड. ओंडके एकमेकांना बांधून केलेली होडी. गाठ सुटली तर होडीच उरत नाही, अशा घरात जन्मलेल्या माणसाला ती तपासायची कशी, हे सांगावे लागत नाही.

त्यानंतर मी शहरातल्या एका कृत्रिम भिंतीवर जाऊ लागले. प्रशिक्षकांनी पहिल्याच दिवशी पोत्याऐवजी सत्तर किलोचा माणूस दोराला टांगला आणि घड्याळ लावले. घरी दहा मिनिटांत होणाऱ्या मांडणीला चाळीस मिनिटे लागली. घाम डोळ्यांत जात होता, खालचा मुलगा ‘ताई, लवकर!’ म्हणून ओरडत होता आणि पायऱ्यांचा क्रम डोक्यातून उडून गेला होता. सहा महिन्यांनी आता ती वेळ पंधरा मिनिटांवर आली आहे.

सपाट गावचा डोंगर

चेन्नईत डोंगर नाही, हेही पूर्ण खरे नाही. सेंट थॉमस माउंट, तमिळमध्ये परंगीमलै, ही जेमतेम तीनशे फुटांची टेकडी. लोकल गाडीने किंवा मेट्रोने सेंट थॉमस माउंट स्थानकावर उतरायचे. माथ्यावर पोर्तुगीज काळातले चर्च आहे. पायऱ्यांवरून पाठीवर ओझे घेऊन मी चढ-उतार करते. पण या टेकडीचे खरे मोठेपण वेगळेच आहे. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्बटनने भारताच्या महान त्रिकोणमितीय मोजणीची पहिली पायारेषा इथूनच आखायला घेतली. पोलादी साखळीने सुमारे साडेसात मैल जमीन मोजली गेली. तीच मोजणी सरकत सरकत हिमालयापर्यंत पोचली आणि १८५६ साली एव्हरेस्टची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. जगातल्या सर्वांत उंच शिखराचे माप या सपाट मैदानातून निघाले! मग मी इथून सुरुवात केली तर काय बिघडले?

सुट्टीत आम्ही जिंजीला जातो. चेन्नईपासून तिंडीवनममार्गे सुमारे दीडशे किलोमीटर. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये घेतलेला आणि पुढे राजाराम महाराजांना कठीण काळात आसरा देणारा हा किल्ला. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांत महाराष्ट्राबाहेरचा हा एकच. राजगिरीचा माथा सुमारे आठशे फूट. शेवटी एका खोल फटीवरचा पूल ओलांडून जावे लागते. हे संरक्षित स्मारक आहे, त्यामुळे तिथे दोर लावायचा नसतो. नुसते चालायचे, तेही पहाटे. नऊनंतर त्या काळ्या दगडांवर भाकरी भाजावी असे ऊन असते!

सही

यंदा मी ॲडव्हान्स कोर्सचा अर्ज भरला. घरात शांतता पसरली. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा-२ शिखरावर हिमस्खलन होऊन याच कोर्सच्या तुकडीतले पंचवीसहून अधिक जण गेले, हे नवऱ्याला पाठ आहे. ते तर प्रशिक्षकांसोबत होते. पुस्तकाने मला क्रम दिला, कारण दिले, शब्द दिले. पण बर्फ आज कसा आहे, हे पुस्तक सांगत नाही, आणि काही वेळा माणसालाही ते सांगता येत नाही. हे मी नवऱ्यापासून लपवले नाही.

दोन दिवस त्याने अर्जाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी रात्री म्हणाला, ‘‘एकदा सगळं करून दाखव.’’ मी ग्रिलला दोर बांधला. चिरंजीव उठून आले. त्यांनी पुस्तकाकडे पाहिलेही नाही. एकेक कॅराबिनर चिमटीत धरून स्क्रू फिरवून पाहिला, मग गाठीचे टोक आपल्या वितीने मोजले.

‘‘आई, वाल पुरतंय,’’ तो म्हणाला.

मग नवऱ्याने सही केली.