मानाची सावली

आमच्या उंब्रजच्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत घोड्याआधी मंडळीच उधळतात. जिरेटोप एक आणि डोकी चाळीस! अष्टप्रधानांत जायला कोणी राजी नाही. मग समजूत काढायला प्रत्येकाच्या डोक्यावर छत्र!

अहो, ६ जून १६७४ ला रायगडावर छत्र धरलं ते एकट्या महाराजांवर. सरदारांचा मान अबदागिरीचा. पुढे पेशव्यांचा केवढा दरारा. पण पेशवाईची वस्त्रं यायची ती साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच, आणि छत्र राहिलं साताऱ्यालाच. हे मी सांगतो, पण ऐकतो कोण? हल्ली नवरदेवालासुद्धा छत्र भाड्यानं मिळतं.

मी उंच, म्हणून दरवर्षी अबदागिरी धरतो. सावली सरदाराला, ऊन मला. या हुद्द्यासाठी मात्र अजून कोणी भांडलेलं नाही.